परीक्षेचं चूलबंद आवतण

येडू आबानं आवतण दिलं ते चूलबंद दिलं. म्हणजे त्या दिवशी वस्तीवर एकाही घरात चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी आबाकडंच जेवायचं. लग्न असलं, जावळ असलं, नव्या घरात पाऊल टाकायचं असलं की माणसं असं आवतण देतात. परीक्षेसाठी चूलबंद आवतण सांगोल्याकडच्या त्या माळावर तोवर कुणी दिलेलं नव्हतं.

पण यात आबाची चूक काय होती? सूचनाच तशी होती. आबाची नात दिपाली सोलापुरात विद्यापीठात पीएच.डी. करत होती. तिच्या शेवटच्या तोंडी परीक्षेची तारीख ठरली आणि त्याचा कागद तिच्या बापानं, धनाजीनं, घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. धनाजी एस.टी.त नोकरीला, राहायला जुळे सोलापुरात. त्यानं आपला कौतुकानं टाकला आणि ड्यूटीवर गेला. इकडं वस्तीवर शेजारच्या रावजीनं मोबाइल लांब धरून तो आबाला वाचून दाखवला. "सदर खुल्या मौखिक परीक्षेस सर्व इच्छुकांनी उपस्थित राहावे, ही विनंती."

"परत वाच," आबा म्हणाला.

रावजीनं परत वाचलं.

"सर्व म्हंजी सर्व?"

"सर्व इच्छुक."

"इच्छुक म्हंजी कोण?"

"ज्याची इच्छा हाय तो."

आबानं पारावर बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली. "आपल्यात कुणाची इच्छा न्हाय?"

कुणीच हात वर केला नाही. झालं. विद्यापीठ एवढी विनंती करतंय आणि आपण चौघंच तोंड घेऊन गेलो, तर मान कुणाचा जातो? पोरीचा. मुलीच्या मागं माणूसबळ नाही असं दिसलं की व्याहीसुद्धा आवाज चढवून बोलतो, मग परीक्षा घेणारा सोडील व्हय? आबानं टेंपो ठरवला, हुग्गीच्या खिरीला गहू कांडायला टाकले आणि घरोघर जाऊन आवतण दिलं.

दिपालीचा विषय काय, हे मात्र वस्तीवर प्रत्येक जण वेगळं सांगायचा. कुणी म्हणायचं, येशूचा अभ्यास करतीया. कुणी म्हणायचं, पोरगी ख्रिस्ती झाली, आता नाव बदलणार. हे बोलणं बजाबाईच्या, म्हणजे आबाच्या बायकोच्या कानावर गेलं तेव्हा तिनं भर पाणवठ्यावर उत्तर दिलं होतं, "डोंगराचा अभ्यास करणारं माणूस डोंगर हुतंय व्हय गं?" त्यानंतर तो विषय बंद झाला.

खरी गोष्ट अशी होती की दिपालीनं येशूनंतर दोनेकशे वर्षांनी होऊन गेलेल्या एका ख्रिस्ती विद्वानावर प्रबंध लिहिला होता. ओरिजेन त्याचं नाव. मिसर देशात, अलेक्झांड्रिया नावाच्या बंदरावर तो शिकवायचा. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या पंचाक्षरी सरांनी एकदा वर्गात त्याची ओळख करून दिली आणि दिपाली त्याच्या जी मागं लागली ती लागलीच. त्याच्यासाठी ती ग्रीक शिकली. ग्रहण लागल्यासारखी वर्षंच्या वर्षं ती खोलीतून बाहेर आली नाही. आणि एवढं करून प्रबंध पाठवला, तर तो आदल्या साली परत आला. बाहेरच्या परीक्षक रणभिसे मॅडमनी शेरा मारला होता की कष्ट दिसतात, पण मुद्दा सिद्ध होत नाही, पुन्हा लिहावा. तेव्हा दिपाली दोन दिवस जेवली नव्हती, हे आबाला धनाजीनं फोनवर सांगितलं होतं. तिनं तो पुन्हा लिहिला. आता मॅडम स्वतः तोंडी परीक्षेला येणार होत्या. आज पार पडलं तर पडलं. नाहीतर एवढ्या वर्षांचे कष्ट मातीत.

म्हणून तर आबानं फेटा नवा बांधला होता.

विद्यापीठाच्या फाटकावर टेंपो थांबला तसा रखवालदार धावत आला. आत फेटे, नवी लुगडी, खांद्यावरची घोंगडी, मागं हुग्गीचं, भाताचं आणि आमटीचं पातेलं, आणि कडक भाकरीची चवड.

"आबा, मंगल कार्यालय मागं ऱ्हायलं. हे विद्यापीठ हाय."

"मंगलच हाय की. परीक्षा हाय आमच्या नातीची," आबा म्हणाला.

रखवालदारानं असं कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळं अडवायचं कसं हेही त्याला सुचलं नाही. टेंपो आत गेला.

विभागाच्या दाराशी दिपाली उभी होती. जांभळी साडी, छातीशी फाईल, आणि चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरा. शेजारी तिचे मार्गदर्शक पंचाक्षरी सर. टेंपोतून एकामागून एक माणसं उतरायला लागली तशी तिची फाईल हळूहळू खाली आली.

"आबा! हे काय?"

"सगळी आल्यात बघ. मायाक्काचे गुडघे दुकतात तरीबी आली. बजाबाई आन ती, दोघी एका टेंपोत!"

हे विशेष होतं. मायाक्का ही आबाच्या थोरल्या भावाची बायको, बजाबाईची जाऊ. धनाजीच्या लग्नात व्याहीमंडळींसमोर ती म्हणाली होती की ह्या आमटीत मीठ शोधायला कंदील लावावा लागंल. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. घरं भिंतीला भिंत लागून, पण बोलायचं ते तिसऱ्याला मध्ये घालून, "सांगा तिला", असं.

दिपालीला आज त्याचं कौतुक नव्हतं. तिनं आबाला बाजूला ओढलं. आवाज दाबून ती म्हणाली, "कुणी सांगितलं तुमाला सगळ्यांना आणायला? अशा परीक्षेला कुणी येत नसतं, आबा. चार विद्यार्थी बसतात, तेबी सरांनी बसवलेले."

"मग लिवलंय कशाला?"

"नियम म्हणून! आबा, मागच्या टायमाला प्रबंध परत पाठवलेल्या त्याच बाई आज येणार हायत. त्यांना वाटंल, हिला उत्तर देता येत न्हाय म्हणून ही माणसं घेऊन दबाव टाकतीया. एवढं एक राहिलं होतं माझं."

उभ्या जन्मात आबाला माणसं जास्त झाली म्हणून कधी कुणी बोललं नव्हतं. कमी झाली म्हणून बोलतात. त्यानं फेट्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू आत जा. आमी लिंबाखाली बसतो. आमचा श्वास बी ऐकू यायचा न्हाय."

आणि त्यानं खरंच सगळ्यांना लिंबाच्या झाडांखाली गाडीतळाशी नेऊन बसवलं. "कुणी इचारलं तर आपुन दिपालीचे कुणी न्हाय," त्यानं बजावलं. "वाटंनं चाललेली माणसं."

"वाटंनं चाललेली माणसं हुग्गी घिऊन चालतात का?" रावजीनं विचारलं. पण तेवढ्यात पांढरी गाडी येऊन नेमकी त्यांच्यापुढंच थांबली.

गाडीतून उतरल्या त्या रणभिसे मॅडम. अंगानं बारीक, केस पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या. चर्चचा जुना इतिहास शिकवण्यात हयात गेलेली. त्यांनी फेट्यांकडं बघितलं, पातेल्यांकडं बघितलं, आणि आबासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुठले तुम्ही?"

"सांगोल्याकडचे, बाई."

"इथं कशाला आलात?"

"असंच. सहज. कुणाची तरी परीक्षा हाय म्हणं हितं. आमाला काय ठावं न्हाय. त्या पोरीला आमी वळखत बी न्हाय."

"न्हाय कसं?" मागून बजाबाई ताडकन उठली. "तोंड जळो तुमचं! माझी नात हाय ती. दिपाली. नाक बघा तिचं आन माझं."

मॅडमनी खरंच बजाबाईचं नाक बघितलं. आबा जमिनीत जायला जागा शोधत होता.

"परीक्षेची सूचना वाचून आलात?" मॅडमनी विचारलं.

"रावजीनं वाचली. सर्वांनी यावं म्हणून विनंती केलीया तुमी. चुकलं आमचं, बाई. पोरीचा काय दोष न्हाय ह्यात. तिनं बोलावलं न्हाय. मीच गोळा केली समदी. आमी जातो माघारी, खरं तिच्यावर राग धरू नका."

मॅडमनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाल्या, "जन्मभर अशा परीक्षा घेत आले मी. ती सूचना वाचून आलेला माणूस आज पहिल्यांदा बघते. खुली म्हणजे खुली, आबा. चला आत."

छोटी खोली पुरेना म्हणून मोठं दालन उघडावं लागलं. माणसं खुर्च्यांवर बसली, काही बायका सवयीनं खाली बसल्या. आबानं दारातच प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं की कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, पोर रडलं तर पोराला घेऊन बाहेर जायचं. तो स्वतः पहिल्या रांगेत काठी गुडघ्यांत धरून बसला.

परीक्षा सुरू झाली ती इंग्रजीत. पडद्यावर नकाशे आले, अक्षरं आली, गेली. आबाला एक शब्द कळत नव्हता. पण मेंढरांच्या बाजारात त्याचं आयुष्य गेलेलं. तिथं दलाल आणि गिऱ्हाईक हातांवर टॉवेल टाकतात आणि त्याखाली बोटं धरून भाव करतात. तोंडातून शब्द नाही. बाजूच्या माणसाला सौदा कळायचा तर खांदे बघायचे. आबा खांदे बघत होता. आधी दिपालीचे खांदे ताठ होते. मग ती बोलत गेली तसे जरा उतरले. मॅडम लिहीत होत्या, मान हलवत होत्या. पंचाक्षरी सर निवांत होते. आबालाही वाटलं, चाललंय बरं.

मग मॅडमनी एक प्रश्न विचारला. लहानसाच. दिपालीनं उत्तर दिलं. मॅडमनी तोच प्रश्न फिरवून विचारला. दिपालीनं फाईल उघडली, एक पान वाचलं, दुसरं वाचलं. पंचाक्षरी सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं. दिपाली थांबली. पाण्याचा ग्लास उचलला, प्यायली नाही, ठेवला. तिचे खांदे कानांपर्यंत गेले होते.

मोडला सौदा, आबाच्या मनात आलं. आणि मोडला तो आपल्यामुळं. पोरीचं लक्ष आपल्याकडं हाय.

मॅडमनी समोरची फाईल मिटली आणि मराठीत बोलल्या.

"दिपाली, मागच्या वेळी प्रबंध परत पाठवला तो ह्याच प्रश्नासाठी. ओरिजेन म्हणतो, शेवटी सगळे जीव देवाकडं परत येतील. मग माणसाच्या स्वातंत्र्याचं काय? तू मला प्रत्येक वेळी दुसऱ्या विद्वानांची उत्तरं वाचून दाखवतेस. तुझं उत्तर काय, ते मला अजून ऐकू आलेलं नाही. असं कर. ही माणसं एवढ्या लांबून आलीत, त्यांना काही कळलेलं नाही. त्यांना सांग. मराठीत. मी नुसती ऐकते."

दिपाली माणसांकडं वळली. एवढ्या वर्षांत तिनं ओरिजेनबद्दल मराठीत कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. "ओरिजेनच्या विचारव्यूहात," तिनं सुरुवात केली, "सर्व जीवांच्या अंतिम पुनःस्थापनेची संकल्पना..."

रावजीनं जांभई दिली. आबानं त्याला काठीनं ढोसलं. पण दिपालीनं ती जांभई बघितली होती. फाईल टेबलावर ठेवून ती मोकळ्या हातांनी पुढं आली.

"एक पोरगा होता," ती म्हणाली. "सतरा वर्षांचा बी न्हवता. तवा तिथल्या बादशहाचे लोक ख्रिस्ती माणसांना धरून मारत होते. ह्याच्या बापाला धरून नेलं. पोरगं म्हणालं, मीबी जातो, बापाबरोबर मरतो. आई रडली, पाया पडली, ऐकंना. मग आईनं काय करावं? रातीत त्याचे सगळे कपडे लपवून ठेवले. अंगावर घालायला चिंधी ठेवली न्हाय. मरायला तयार होतं पोरगं, पण उघडं बाहेर पडायला तयार न्हवतं. तसं वाचलं ते."

दालनात हसू पसरलं.

"शहाणी बाई!" मायाक्का मोठ्यानं म्हणाली. आबानं वळून डोळे वटारले, पण आता कोण ऐकतंय?

"त्यो पोरगा म्हंजी ओरिजेन. मोठा झाला, शिकवायला लागला. आन त्यानं असं सांगितलं की देवानं जेवढं म्हणून केलं तेवढं समदं शेवटी देवाकडं माघारी येणार. चांगली माणसं येणार, वाईट बी येणार. ज्यांनी त्याच्या बापाला मारलं तीबी येणार."

"सैतान बी?" सैतान हा शब्द माहीत असलेला एकटा रावजीच होता.

"लोकांनी तसंच धरलं. तो म्हणाला, सैतानाचं मी बोललोच न्हाय, तुमी माझ्या नावावर घातलंय. पण राग गेला न्हाय लोकांचा. मेल्यावर तीनशे वर्षांनी त्याची शिकवण चुकीची म्हणून ठरवली."

"मेल्यावर तीनशे वर्षांनी वाळीत टाकला?" मायाक्का थक्क झाली. "म्हंजी तितंबी भावकीच हाय म्हणायची."

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. आणि नेमकी त्याच वेळी बजाबाई उठून उभी राहिली.

"थांब गं पोरी. समदी येणार म्हंजी समदी? मायाक्काबी?"

"व्हय, आजी. मोठी आजीबी."

"मग मला न्हाय यायचं. माझी इच्छाच न्हाय तितं जायची, तर तुझा देव मला काय वढून न्हेणार हाय व्हय?"

"सांगा तिला," मायाक्का आढ्याकडं बघून म्हणाली, "मी काय तिची वाट बघत बसणार न्हाय."

दालनात हशा फुटला. आबानं उपरणं डोळ्यांवर ओढलं. आता ह्यापेक्षा वाईट काय होणार, असं त्याला वाटलं, तोवर रावजीही उठला. "आन मी म्हंतो, वाकडं वागून बी शेवटी तितंच जायचं असंल, तर सरळ वागायचं कशाला? आमी काय येडे म्हणून सरळ वागलो जन्मभर?"

हशा थांबला. रावजीचं सगळ्यांनाच पटलं होतं. माणसं दिपालीकडं बघायला लागली. हे बघणं परीक्षेचं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं. पंचाक्षरी सर मॅडमच्या कानाशी वाकले, मॅडमनी बोटानं त्यांना थांबवलं.

दिपालीनं पहिल्या रांगेतल्या उपरण्याकडं बघितलं.

"लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतात," ती म्हणाली. "सगळी माणसं काय करतात? शिंगं धरून, पाय धरून मेंढराला पाण्यात वढतात. मेंढरू वरडतंय, लाथा घालतंय. आमचा आबा वढत न्हाय. तो कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहतो. हाक मारतो. एक येतंय, मग दुसरं. एखादं हट्टी काठावरच पाय रोवून उभं राहतंय. आबा त्याच्यावर दगड फेकत न्हाय. उभाच राहतो. उन्ह कलतंय, बाकीची माणसं घरी जातात, आबा पाण्यातच. आन मग ते हट्टी मेंढरू आपल्या पायानं येतंय. ओरिजेनचा देव असा हाय, आजी. तो वढत न्हाय. त्याच्याकडं वेळ हाय. एका जन्माचा न्हाय, युगांचा. तुझी इच्छा व्हईपर्यंत तो थांबणार."

बजाबाई खाली बसली. आबानं उपरण्याच्या आडून ऐकलं. ही पोरगी लहानपणी सुट्टीला यायची तेव्हा काठावर चिंचा खात बसायची. तिनं हे कधी बघून ठेवलं?

"आन रावजी काका," दिपाली वळली, "फुकट काय न्हाय बरं का. तो आगीचं बी बोलतो, पण ती जाळायची आग न्हाय, मळ काढायची. ज्याला चिखल जास्त, त्याला चोळणं जास्त. सरळ वागलेल्याला सोपं जाईल."

"मग ठीक हाय," रावजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढं वस्तीवरची एक-दोन माणसं चोळून निघताना दिसत असावीत, कारण तो समाधानानं बसला.

"आन एखादं आलंच न्हाय तर?" हे बजाबाईनं बसल्या बसल्या विचारलं. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "सांज झाली, रात झाली, आलंच न्हाय. मग?"

दिपाली पुन्हा फाईल घेईल असं आबाला वाटलं, पण तिनं फाईलकडं बघितलंही नाही.

"ते ओरिजेनला बी नक्की ठावं न्हवतं," ती हळू म्हणाली. "काही ठिकाणी तो ठासून सांगतो की समदी येणार. काही ठिकाणी चाचरतो. मोठमोठे विद्वान म्हणतात, त्याचं बोलणं जुळत न्हाय, हा त्याचा दोष. मला तसं वाटत न्हाय. माणूस मोकळा हाय असं ज्यानं खरोखर मानलं, त्यानं चाचरायलाच पायजे. ठाम राहिला असता तर ते दावं लावून वढणं झालं असतं. त्यानं 'नक्की' हा शब्द शेवटचा ठेवला न्हाय. त्यानं आशा धरली. आशा धरणाऱ्याला पाण्यात उभं राहावं लागतं, काठावरनं सांगून भागत न्हाय."

रणभिसे मॅडम पुढं वाकल्या आणि इंग्रजीत काहीतरी चटकन विचारलं. दिपालीनं चटकन उत्तर दिलं, मराठीतच. मॅडमनी हरकत घेतली. दिपालीनं ती खोडली. मग दोघी अशा काही बोलायला लागल्या की पंचाक्षरी सर चष्मा पुसायचा विसरून एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. ग्रीक आली, इंग्रजी आली, मध्येच मेंढरं आली. आबानं उपरणं खाली केलं आणि खांदे बघितले. दिपालीचे खांदे जागेवर आले होते. नुसते आले नव्हते, ते बोलण्याबरोबर हलत होते, बजाबाईचे भांडताना हलतात तसे.

मग सगळ्यांना बाहेर काढलं. आत मॅडम, सर आणि विभागातले लोक अहवाल लिहायला बसले. बाहेर लिंबाखाली माणसं गोळा झाली आणि तिथं जुंपली. अर्ध्यांचं म्हणणं, देवानं सगळ्यांना घ्यावं. अर्ध्यांचं म्हणणं, असं केलं तर शिस्तच राहणार नाही. दिपाली पायरीवर एकटी बसली होती. आबा तिच्याजवळ गेला नाही. मेंढरांचा असो नाहीतर कशाचा असो, सौदा पक्का व्हायच्या आधी मालकाजवळ उभं राहू नये, दृष्ट लागते. तो लांबूनच काठीनं मातीत रेघा मारत राहिला.

दार उघडलं. पंचाक्षरी सरांनी कागद वाचला. परीक्षकांनी सर्वानुमते पदवी प्रदान करण्याची शिफारस केली होती.

माणसांनी आबाकडं बघितलं.

"शिफारस म्हंजी?" आबानं विचारलं.

"पास, आबा," सर म्हणाले. "डॉक्टर झाली तुमची नात."

तेव्हा जी आरोळी उठली ती ऐकून शेजारच्या विभागातली तास चाललेली पोरं खिडक्यांत आली. बायकांनी दिपालीला मध्ये घेतलं. कुणी कुंकू लावलं, कुणी तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. धनाजी, जो सुट्टी न मिळाल्यानं आत्ता कुठं एस.टी.च्या गणवेशातच येऊन पोचला होता, तो काय झालं ते न विचारताच रडायला लागला.

मॅडम आबापाशी आल्या. "काय आबा, आता तरी ओळखता का त्या पोरीला?"

"लाजवू नका, बाई," आबा म्हणाला. "जेवून जायाचं. चूलबंद आवतण हाय."

चूलबंद म्हणजे काय, ते मॅडमना सांगावं लागलं. सांगितल्यावर त्यांनी गाडीवाल्यालाही जेवायला बोलावलं. लिंबाखाली पंगत बसली. आबानं एकदा आवतण दिलं ते आवरतंय कुठं? खिडक्यांतली पोरं आली, शिपाई आले, ग्रंथालयातल्या बाई आल्या, फाटकावरचा रखवालदार आला. पत्रावळी संपल्या तशी कुणीतरी कँटीनमधून ताटल्या आणल्या. मॅडम नेमक्या बजाबाई आणि मायाक्काच्या मध्ये बसल्या होत्या, आणि जेवण संपेपर्यंत त्यांना दोन्ही बाजूंनी "सांगा तिला" ऐकून निरोप पोचवावे लागले. त्या ते इमानेइतबारे पोचवत होत्या. पंचाक्षरी सर हुग्गी तिसऱ्यांदा घेताना म्हणाले की आपल्या विभागाच्या इतिहासात असा श्रोतृवर्ग झाला नाही, आणि अशी हुग्गीही नाही.

आवतण देणाऱ्यानं शेवटी जेवायचं, असा रिवाज. सगळ्यांचं आटपलं, मॅडमची गाडी गेली, तेव्हा आबा खाली टेकला. दिपालीही त्याच्याबरोबर थांबली होती. हुग्गीचं पातेलं खरवडून लख्ख झालेलं. आमटी गेली, भात गेला. उरली होती कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. दोघांनी तीच घेतली.

"आबा, सकाळी मी लई बोलले तुमाला."

"बोलायलाच पायजे होतं. मी इचारायला पायजे होतं." आबानं भाकरी मोडली. कुडकुड आवाज झाला. "खरं, बाईनी आत घेतलं तवा माझं काळीज ठिकाणावर न्हवतं बघ."

"माझंबी न्हवतं."

टेंपोत माणसं चढायला लागली होती, पण वाद काही मिटला नव्हता. रावजी हातवारे करत होता.

"अजून एखादी परीक्षा हाय का तुझी?" आबानं विचारलं.

"न्हाय आबा. ही शेवटची."

आबाचा घास हातातच राहिला. "आता गं? ती समदी इचारत्यात, परत कवा यायचं म्हणून."

दिपाली हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "मॅडम म्हणल्या, हे समदं मराठीत पुस्तक करून लिही. आज बोललीस तसं. लिहिते मी. झालं की प्रकाशन असतंय त्याचं."

"त्याला जेवाण काय असतंय?"

"चहा-बिस्किट."

"छ्या," आबा म्हणाला, आणि चटणी भाकरीवर पसरली. "चहा-बिस्किटावर माणूस किती येळ ऐकणार?"